मुलाच्या हातातला तांब्या

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की घरोघरी एक तंटा रोज उभा राहतो. आई तांब्यातून पाणी ओतीत असते आणि मूल त्या तांब्याला लोंबकळून ‘मी, मी’ असा हट्ट धरते. पाणी सांडते, आई वैतागते, तांब्या वरच्या फळीवर जातो आणि मूल जमिनीवर लोळण घेते. या तंट्यात मुलाची बाजू न्यायाची आहे, असे म्हणणारे लोक जगात फार उशिरा निघाले. पेस्टालॉझी आणि फ्रोबेल यांचे ऋण आम्ही विसरत नाही. परंतु पाणी ओतणे हाच एक धडा मानून त्याला शाळेत मानाची जागा दिली, ती रोममधील एका डॉक्टरीणबाईंनी. त्या कथेचा धागा पुढे आपल्या कोकणच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो, म्हणून ती येथे सांगावयाची.

डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले ‘मुलांचे घर’ ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या वस्तीत उघडले. वस्ती गरिबांची. एका कंपनीने तेथील चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप सकाळीच कामावर जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिन्यांची व भिंतींची नासधूस करीत. तेव्हा या पोरांना एका खोलीत गोळा करून कोणाच्या तरी नजरेखाली ठेवावे, असे मालकांनी ठरविले. म्हणजे शिक्षणातील या मोठ्या पालटाचा आरंभ भिंतींच्या डागडुजीचा खर्च वाचवावा, अशा अगदी व्यवहारी हिशेबातून झाला! इतिहासात असे पुष्कळदा होते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

नावातच सारे आले. बाईंनी त्याला शाळा म्हटले नाही, घर म्हटले. कारण त्या मुलांचे खरे घर दिवसभर रिकामे असे. मग घरातलीच कामे तेथे आली. हात धुणे, केर काढणे, बुटाच्या नाड्या बांधणे, जेवणाची टेबले मांडणे, सूप वाढणे. टेबलखुर्च्या इतक्या हलक्या केल्या की चार वर्षांच्या मुलाने उचलाव्यात. खुर्ची पडली की आवाज होई, चिनी मातीची बशी पडली की फुटे; आणि आपला हात कोठे चुकला हे मास्तरीणबाईंनी न सांगता मुलाला कळे. आम्ही कबूल करतो, आमच्या घरी कपबशी मुलाच्या हाती देताना आम्ही दोनदा विचार केला आणि शेवटी स्टीलचा पेलाच दिला.

एकदा बाईंनी मुलांना नाक कसे शिंकरावे ते दाखविले. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे पुसावे, एवढेच. पाठ संपला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आले की, या मुलांना नाकावरून रोज बोलणी बसत. पण नाक पुसावे कसे हे आजवर कोणी शांतपणे दाखविले नव्हते. आपणही मुलाला ‘नीट जेव’ असे दिवसातून दहा वेळा सांगतो. घास कसा करावा हे सावकाश, त्याला दिसेल असे, आपण किती वेळा करून दाखविले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

१९०९ साली बाईंनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाला भरविणे, धुणे, कपडे घालणे हे त्याला ते शिकविण्यापेक्षा फार सोपे. परंतु पहिले काम नोकराचे आणि दुसरे शिक्षकाचे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. चमचा धरावयास न शिकविता जी आई नुसती भरवीत राहते, ती मुलाला बाहुलीसारखे वागविते, असे त्या स्पष्टच म्हणतात. आमच्याकडील आजीबाईंना हे रुचणार नाही. ‘चिऊचा घास, काऊचा घास’ यातील माया खोटी नव्हे. पण ती माया पाचव्या वर्षीही तशीच चालू राहिली की तिच्यात मायेपेक्षा घाईच अधिक असते.

हा विचार आपल्याकडे गुजरातेतून आला. वकिली सोडून बालशिक्षणाला लागलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. लोक त्यांना प्रेमाने ‘मिशाळ आई’ म्हणत. त्यांच्याबरोबर काम करावयास गेलेल्या ताराबाई मोडक या आपल्या मुंबईच्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे खुद्द माँटेसरीबाई १९३९ च्या नोव्हेंबरात मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत हिंदुस्थानातच राहिल्या.

तथापि ताराबाईंना एक गोष्ट बोचत होती. ही बालमंदिरे पांढरपेशांच्या मुलांची होती आणि त्यांतील साहित्य महागाचे होते. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेथे लाकडी ठोकळ्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, दगड आणि माती आली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसली. पहिला धडा बहुधा आंघोळीचा आणि केस विंचरण्याचा असे. रोममध्ये घर शाळेत गेले होते. बोर्डीस शाळा घराच्या दारी आली.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे जो पेच पडला तो सान लोरेंझोत पडला नव्हता. वारल्यांच्या मुलांना कामाची सवय लावावयाची नव्हती. ती कामाखालीच दबलेली होती. सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडे, मुलगा गुरांमागे जाई. याच टापूत १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा उभारला होता, हेही येथे लक्षात ठेवावे. शहरातल्या मुलाच्या हातून काम काढून घेतलेले आणि वारल्याच्या मुलावर ते लादलेले. स्वावलंबन शब्द एकच, पण औषध दोन ठिकाणी एक कसे असेल? ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या आणि तिला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि ताई वर्गात. गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरविली. मुलीला स्वावलंबी करण्याकरिता आधी तिच्या कडेवरचे मूल उतरवून घ्यावे लागले, ही गोष्ट कोणत्याही इटालियन ग्रंथात लिहिलेली नव्हती.

१९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. शहरांतील घरांना मात्र आता अंगण उरले नाही. ओटा मुलाच्या डोक्यापेक्षा उंच, नळ त्याहून उंच, आणि सकाळी सगळ्यांनाच गाडी गाठावयाची. तरी एक भक्कम पाट ओट्याशी ठेवता येतो, मटाराच्या शेंगा आणि कोथिंबिरीची जुडी मुलापुढे टाकता येते, ताटे त्याला मांडू देता येतात. पाणी सांडेलच. माँटेसरी पद्धतीच्या शाळांतही ते सांडते. तेथे पाण्याच्या भांड्याजवळ, मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, एक फडके ठेवलेले असते.