शनिवारची न्याहारी, शुक्रवारची चूल



सकाळची न्याहारी म्हटली की काय काय करावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. अंधारात उठायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, एकाला चहा-चपाती, दुसऱ्याला पोहे, म्हाताऱ्या माणसांना काहीतरी मऊ. सगळ्यांचं खाऊन होईतो मोरीत तवा, परात, कढई आणि कपबशांचा ढीग साचतो. तो घासून हात पुसावेत, तर शेतावर निघायची वेळ झालेली असते.

आज मी अशा एका न्याहारीचा इतिहास सांगणार आहे, जी सकाळी करावीच लागत नाही. ती रात्रभर मंद आचेवर बंद भांड्यात भाजली जाते. सकाळी झाकण उघडलं की गरम न्याहारी तयार. घासायला म्हणाल तर एकच मोठं भांडं. ही न्याहारी येमेनच्या ज्यू बायांची. येमेन म्हणजे अरबस्तानच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ देश, आपल्या कोकणापासून अरबी समुद्र ओलांडला की पलीकडे.

आधी ही न्याहारी जन्माला का आली ते पाहू. ज्यू लोक शनिवार हा विश्रांतीचा वार पाळतात. त्याला शब्बाथ म्हणतात. शुक्रवारी सूर्य बुडाला की तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसू लागल्या की संपतो. या वेळात विस्तव पेटवायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी त्यांच्या धर्मपंडितांनी नियमांचा एक ग्रंथ तयार केला. त्याचं नाव मिश्ना. शब्बाथला कोणती कामं बंद, याची ३९ नावांची यादी त्यात आहे. नांगरणं, पेरणं, कापणी, मळणी, उफणणी, दळणं, चाळणं, कणीक मळणं, भाजणं अशी ती यादी जाते. धान्य शेतात पडल्यापासून त्याची भाकरी होईपर्यंतचं सगळं काम त्यात येतं.

पण माणसाला भूक तर शनिवारीही लागणार. मग वाट अशी निघाली की शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, मात्र शुक्रवारी ठेवलेलं भांडं आधीच्या धगीवर तसंच राहू द्यायला हरकत नाही. यावर मिश्नात किती बारकाईने लिहिलंय ते ऐका. चुलीत लाकूड जाळलं असेल, तर निखारे बाहेर ओढायचे किंवा राखेने झाकायचे, मगच भांडं ठेवायचं. का? तर निखारे उघडे दिसले की माणसाचा हात ते उकरायला जातोच. पाव भट्टीत लावायचा असेल, तर दिवस मावळायच्या आत त्याला वरून कड धरली पाहिजे. भांड्याची ऊब टिकवायला ते कशात गुंडाळायचं, हेही ठरलेलं. कपडे, धान्य, पक्ष्यांची पिसं, सुताराचा भुसा चालेल. शेण चालणार नाही, कारण शेण स्वतःच तापतं. शेणाच्या ढिगात हात घातलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. नियम लिहिणारे पुरुष होते, पण राखेखालचा निखारा किती वेळ धग धरतो, हे ज्ञान चुलीपुढे बसणाऱ्या माणसाचं आहे.

या नियमातून देशोदेशीच्या ज्यू बायांनी आपापले पदार्थ काढले. मोरोक्कोत बाया शुक्रवारी आपापली भांडी गावच्या सार्वजनिक भट्टीत ठेवायला पाठवत आणि शनिवारी घरी आणवत. बगदादच्या ज्यू घरांत तबीत होत असे. एकाच पातेल्यात कोंबडी आणि भात, आणि वर झाकणावर कवचासकट अंडी. रात्रभर धगीवर राहून अंडी तांबूस व्हायची. शनिवारी सकाळी तीच अंडी आणि आदल्या दिवशी तळून ठेवलेली वांग्याची कापं, ही न्याहारी. याच बगदादी समाजातले डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. पुण्यातलं लाल देऊळ तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ते त्यांनीच बांधवलेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे.

येमेनमध्ये दोन पदार्थ झाले. एक कुबाने, दुसरा जाखनून. कुबाने म्हणजे आंबवलेल्या कणकेचा जाड पाव. कणकेचे गोळे तूप लावून झाकणाच्या भांड्यात शेजारी शेजारी बसवायचे आणि भांडं रात्रभर मंद धगीवर ठेवायचं. जाखनूनचं पीठ आंबवत नाहीत. पीठ, पाणी, मीठ आणि किंचित गोडी घालून मऊ कणीक मळायची, झाकून ठेवायची. मग तूप चोळत ती हाताने ताणायची, आरपार दिसावं इतकी पातळ. तिच्या घड्या घालायच्या आणि घट्ट सुरळी करायची. अशा सुरळ्या भांड्यात दाटीने रचायच्या, वर कवचासकट अंडी ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. दहा-बारा तासांनी सुरळ्या गुळासारख्या तांबूस होतात, अंडीही तांबूस होतात. पाव आणि कालवण दोन्ही एकाच भांड्यात. सोबत किसलेला टोमॅटो आणि झुग. झुग म्हणजे हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, जिरं आणि वेलदोडा यांचं वाटण. त्यातला वेलदोडा सोडला तर आपल्या ठेच्याचंच भावंडं. हे सगळं हाताने तोडून खायचं. ना तवा, ना कढई.

भांडी घासण्याचाही नियम आहे. तल्मूद नावाच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात म्हटलंय की शब्बाथच्या दिवशी पुढच्या जेवणाला लागतील तेवढीच भांडी धुवावीत. शेवटचं जेवण झालं की धुणं बंद, कारण ती भांडी आता उद्याची झाली आणि उद्याचं काम विश्रांतीच्या दिवशी करायचं नाही. मोरीत खरकटं पडलेलं असताना बाईने हात बांधून बसावं आणि कुणी नाव ठेवू नये, अशी ही सोय.

ऐकायला छान वाटतं ना? पण मैत्रिणींनो, जरा शुक्रवारकडे पाहा. शनिवारची चूल बंद, म्हणजे दोन दिवसांचं काम एका दिवसात. येमेनच्या खेड्यांत बाया जात्यावरच दळत. दळायचं, मळायचं, कणीक ताणायची, पाणी भरून ठेवायचं, अंगण-घर झाडायचं, आणि हे सगळं सूर्य बुडायच्या आत. हिवाळ्यात दिवस लहान असतो, पण काम लहान होत नाही. शनिवारची सकाळ मोकळी होती ती शुक्रवारच्या बाईच्या पाठीवर.

त्याच मिश्नात आणखी एक यादी आहे. बायकोने नवऱ्याच्या घरी कोणती कामं करायची, त्याची. दळणं, भाजणं, कपडे धुणं, स्वयंपाक, मुलाला पाजणं, अंथरूण घालणं आणि लोकर कातणं. सात कामं. पुढे म्हटलंय की बायकोने माहेरून एक दासी आणली असेल, तर दळणं, भाजणं आणि धुणं तिला सुटलं. दोन दासी आणल्या तर स्वयंपाक आणि पाजणंही सुटलं. म्हणजे काम संपलं नाही. एका बाईच्या हातून दुसऱ्या, तिच्याहून गरीब बाईच्या हाती गेलं. पुरुषाच्या हाती ते देण्याची गोष्ट त्या यादीत नाही. तरी एक गोष्ट मानायला हवी. घरकाम हे मोजण्यासारखं काम आहे, एवढं तरी त्या लोकांनी लिहून ठेवलं.

शब्बाथची मूळ आज्ञा आहे ती बायबलच्या जुन्या भागात. तिथे विश्रांती कोणाकोणाला द्यायची हे नावं घेऊन सांगितलंय. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, गडी, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या दारी राहणारा परका माणूस. या यादीत बैल आहे, गाढव आहे. बायकोचं नाव वेगळं घेतलेलं नाही. पंडित म्हणतात, ती ‘तू’ मध्येच आली. असेलही. पण आपल्याला इथे पोळा आठवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तुपाने मळतो, सणाला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आणि त्या दिवशी पुरणपोळी कोण करतं? बैलाला सुट्टी असते, पुरण वाटणाऱ्या हाताला नसते.

आता आपल्या कोकणात येऊ. रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, पेण, रोहा या भागात शेकडो वर्षं ज्यू लोक राहत आले. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. जहाज फुटून सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, अशी त्यांची परंपरा सांगते. ते मराठी बोलत, बाया लुगडी नेसत, आडनावं गावांवरून रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर. बहुतेकांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावात त्यांचं नाव पडलं शनवार तेली. यात एक मोठी गोष्ट आहे. शनिवारी घाण्याचा बैल मोकळा असे, मालक मोकळा असे, आणि तेलाला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असे की आज तेल मिळणार नाही. गिऱ्हाईक शेजारच्या जातीधर्माचं होतं, तरी त्याने ते मानलं होतं. सुट्टी अशी सगळ्यांनी मिळून मानावी लागते. एकट्या घराने ठरवून ती टिकत नाही.

आपला रविवारही असाच मिळालेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. गिरणीत काम करणाऱ्या बायांनाही ती मिळाली. पण गिरणीचा भोंगा रविवारी थांबला तरी घरची चूल थांबली नाही. उलट सुट्टीचा दिवस म्हणून चार पदार्थ जास्त.

१९४९ आणि १९५० या वर्षांत सुमारे ४९ हजार येमेनी ज्यू विमानांनी इस्रायलला नेले गेले. आपले बेने इस्रायलही १९४८ नंतर मोठ्या संख्येने तिकडे गेले. लोद, रमला, अश्दोद, दिमोना या गावांत आजही मराठी बोलणारी म्हातारी माणसं भेटतात. जाखनून तिथे सगळ्यांचाच झाला. तुपाच्या जागी मार्गारीन आलं, म्हणजे आपल्या वनस्पती तुपासारखा प्रकार. निखाऱ्याच्या जागी विजेची शेगडी आली. आता दुकानात गोठवलेल्या सुरळ्यांची पाकिटं मिळतात. कणीक ताणायचं काम कारखान्यात गेलं. शुक्रवारच्या बाईचा भार कमी झाला तो तेव्हा.

आपल्याकडचा हिशोबही ऐका. २०१९ मध्ये सरकारने वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. रोजच्या बिनपगारी घरकामात १०० पैकी ८१ बाया गुंतलेल्या आढळल्या आणि पुरुष १०० पैकी २६. ही कामं करणाऱ्या बायांचा तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी.

कुणी म्हणेल, ताई, मग आम्हीही रात्री भांडं ठेवतो. ठेवा, पण रात्रभर गॅस चालू ठेवून किंवा बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नका, जिवावर बेतेल. आणि खरं सांगायचं तर युक्तीने काम पुढे-मागे होतं, कमी होतंच असं नाही. येमेनच्या बायांच्या इतिहासातून घ्यायच्या गोष्टी दोन. पहिली, आठवड्यातली एक सकाळ सगळ्या गावाने मोकळी मानली, म्हणून ती मोकळी राहिली. आज गरम भाकरी का नाही, असं विचारायची सोयच कुणाला नव्हती. दुसरी, त्या सकाळीचं काम आदल्या दिवशी कोण करतं, हे कुणी विचारलं नाही, म्हणून ते बाईवरच पडलं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं यावर बोला. आठवड्यातल्या कोणत्या एका सकाळी आपल्या वस्तीत कुठल्याच घरी बाई चूल पेटवणार नाही? आणि आदल्या संध्याकाळी कणीक कोण मळणार, भांडी कोण घासणार, याची यादी करा. त्या यादीत नवऱ्याचं, मुलाचं, दिराचं नाव स्पष्ट लिहा. ‘घरातले’ असं मोघम लिहू नका.