दुरुस्तीचे उत्तरदायित्व

कोल्हापूर-मिरज हे अंतर आगगाडीने तास-सव्वा तासाचे. आमच्या गायकवृंदाच्या गिटारीला मात्र ते कापण्यास आठ महिने लागले. तिची कहाणी सांगण्यापूर्वी मिरजेच्या कारागिरांविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे. कारण बिघडलेल्या वाद्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न जुनाच आहे.

मिरजेच्या तंतुवाद्यनिर्मितीचा उगम दुरुस्तीत आहे, असे परंपरा सांगते. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे उत्तरेकडील गवई येथे येऊ लागले. त्यांची वाद्ये बिघडत आणि ती सुधारणारा जवळपास कोणी नसे. १८५० च्या सुमारास शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी हे काम हाती घेतले. शिकलगार म्हणजे शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या आणि त्यांच्या हातांना काम उरले नाही. दुसऱ्याची सतार उघडून ती समजून घेता घेता हे हात स्वतः सतारी व तंबोरे घडवू लागले. आज सतारमेकर गल्लीचे नाव सर्वतोमुखी आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले.

या व्यवसायात वाद्य विकले म्हणून गिऱ्हाइकाशी संबंध तुटत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार सतत घासते. काही काळाने नाद बोथट होतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. ज्याने वाद्य घडविले त्याच्याकडेच, किंवा त्याच्या मुलाकडे, ते परत येते. आपली चूक आपल्याच पुढ्यात येणार हे कारागिराला ठाऊक असते. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ तर वाद्यदुरुस्तीत स्वतःच निष्णात होते!

गिटारीचा देवळाशी संबंधही दुरुस्तीच्या कथेशी जोडलेला आहे. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या देवळात ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गिटारीच्या साथीने गायिले गेले. ऑर्गन बिघडला होता ही आख्यायिका मागाहूनची असावी. परंतु ते गीत गावाबाहेर नेण्याचे श्रेय दिले जाते ते मात्र ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या कार्ल माउराखर यास. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेची दारे लोकभाषेला व निरनिराळ्या वाद्यांना अधिक मोकळी केली. त्यानंतर गिटार आपल्याकडील गायकवृंदांतही रुळली.

आमची गिटार कुटुंबाकुटुंबांतून वर्गणी काढून फेब्रुवारीत घेतली होती. सोबत वर्षभराच्या वॉरंटीचे कार्ड होते. जुलैच्या पावसात तिची घोडी पोटावरून उचलू लागली. सहा पोलादी तारांचा ताण सुमारे ७० किलो असतो आणि तो सारा त्या सरसाने चिकटविलेल्या लाकडावर येतो. दुकानदाराने ती कंपनीच्या केंद्राकडे धाडली. सप्टेंबरात परत आली तेव्हा घोडीभोवती सरसाचे ओघळ होते, तारा बोटांना कापाव्यात इतक्या उंच होत्या. आणि ऑक्टोबरात घोडी पुन्हा उचलली. पत्र पाठविले. उत्तर आले की दमट हवेने झालेली हानी वॉरंटीत बसत नाही. कोल्हापुरात पाऊस पडतो हे विकताना कोणी विचारात घेतले नव्हते काय?

ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली तीही एका नाताळच्या पूर्वसंध्येला, २४ डिसेंबर १९८६ रोजी. त्या कायद्यान्वये तक्रार बहुधा विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा जेथे कारण घडले तेथे नेणे भाग होते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. मुदत दोन वर्षांची. दोन वेळा झालेल्या दुरुस्तीच्या कामाचा विचार करून आम्ही छायाचित्रे, पावती व पत्रव्यवहार जपून ठेवला.

नोव्हेंबरात गिटार मिरजेस नेली. वृद्ध कारागिराने घोडीखाली पातळ पाते सरकवून पिवळा थर दाखविला. “जुना सरस खरवडलाच नाही. त्याच्यावर नवा कसा धरेल?” तो म्हणाला. आम्ही दुरुस्तीचा आग्रह धरला, तर त्याने कार्ड मागितले. त्यावर छापले होते की अन्य कोणी वाद्य उघडल्यास वॉरंटी रद्द होईल. त्याने गिटार परत आमच्या हाती दिली.

“फेब्रुवारीपर्यंत मी हात लावणार नाही. तोवर त्यांना पुन्हा लिहा, तुमचा हक्क माझ्यामुळे जायला नको. तारा तेवढ्या ढिल्या ठेवा.”

आम्ही पुन्हा लिहिले. उत्तर आले नाही. त्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला पेटीवरच गायिलो, आणि वाजविणारा मुलगा कोऱ्या हातांनी मागल्या रांगेत उभा राहिला. मार्चच्या पहिल्या शनिवारी त्यानेच गिटार खांद्यावर घेऊन मिरजेची गाडी पकडली.