लोटे परशुराम जलप्रदूषणविरोधी चळवळ

लोटे परशुराम जलप्रदूषणविरोधी चळवळ ही महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक क्षेत्रातून होणाऱ्या रासायनिक प्रदूषणाविरुद्ध परिसरातील ग्रामस्थ, ग्रामपंचायती आणि दाभोळ खाडीतील मच्छीमार यांनी चालविलेली स्थानिक चळवळ आहे. तिला एकच नेता वा एकच संघटना नाही. पिण्याच्या पाण्याचे स्रोत दूषित होणे, खाडीतील मासळी घटणे आणि सांडपाण्यावर परिणामकारक देखरेख नसणे या तक्रारी तिच्या केंद्रस्थानी आहेत. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीच्या (गाडगीळ समिती) २०११ मधील अहवालात या तक्रारींची सविस्तर नोंद घेण्यात आली.

पार्श्वभूमी

लोटे परशुराम हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र खेड तालुक्यात, मुंबई–गोवा महामार्गालगत, चिपळूण व खेड या शहरांच्या दरम्यान आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या उभारणीस प्रारंभ झाला. कीटकनाशके, रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये व त्यांची मध्यवर्ती रसायने तयार करणारे कारखाने येथे एकवटल्यामुळे ते कोकणातील प्रमुख रासायनिक पट्टा म्हणून ओळखले जाऊ लागले.

हे क्षेत्र जांभ्या खडकाच्या पठारावर वसलेले आहे. जांभा सच्छिद्र असल्याने पठारावर पडलेले पाणी झपाट्याने खाली झिरपते आणि उतारावरील झरे, विहिरी व वहाळ यांतून बाहेर पडते. पायथ्याच्या गावांचे पाणी याच झऱ्यांवर व विहिरींवर अवलंबून असते. त्यामुळे पठारावर सांडलेले द्रव्य खालच्या वस्तीच्या पाण्यात उतरण्याचा धोका या भूरचनेतच आहे. कोकणात मुबलक पाऊस पडत असला तरी एप्रिल–मे महिन्यांत अनेक झरे आटतात. अशा काळात एखादी विहीर निकामी झाल्यास गावाला टँकरखेरीज दुसरा आधार राहत नाही.

सांडपाण्याची व्यवस्था

कारखान्यांनी सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रिया करून ते सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवावे, अशी व्यवस्था आहे. उद्योगांच्या सहकारी संस्थेमार्फत चालविल्या जाणाऱ्या या केंद्राची क्षमता दररोज ४५ लाख लिटर होती. प्रक्रिया केलेले पाणी वाहिनीद्वारे चिपळूण तालुक्यातील करंबवणे येथे खाडीत सोडले जाते. वाशिष्ठी व जगबुडी या नद्यांचे पाणी याच खाडीतून दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते.

केंद्र आपल्याकडे येणारे सांडपाणी पुरेशा प्रमाणात हाताळू शकत नाही, प्रक्रिया निकृष्ट असते आणि ओसंडणारे पाणी दाभोळ खाडीला मिळणाऱ्या ओहोळांत जाते, असे निरीक्षण गाडगीळ समितीने प्रत्यक्ष भेटीनंतर नोंदविले. काही उद्योग विषारी सांडपाणी कूपनलिकांत सोडून भूजल दूषित करीत असल्याचेही अहवालात म्हटले आहे. पृष्ठभागावरील प्रदूषण डोळ्यांना दिसते आणि पुरात काही अंशी वाहून जाते. भूजलातील प्रदूषण मात्र दीर्घकाळ टिकते व त्याचा उगम सिद्ध करणे अवघड असते.

प्रमुख घटना

कोतवली : औद्योगिक क्षेत्राच्या खालच्या बाजूस असलेल्या कोतवली गावाला आणि तेथील सोनपात्रा नदीला प्रदूषणाची थेट झळ बसली. गाडगीळ समितीच्या अहवालानुसार, तक्रारी करूनही काहीच न घडल्याने गावच्या तत्कालीन सरपंचांनी ओहोळातील दूषित पाणी पिऊन आत्महत्येचा प्रयत्न केला. मुंबईत उपचार झाल्याने त्यांचे प्राण वाचले. परंतु त्यानंतरही प्रदूषण थांबले नाही, असे अहवाल नमूद करतो.

बोरज धरण : खेड शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या बोरज धरणात अज्ञात उद्योगाकडून रात्रीच्या वेळी टँकरमधून विषारी द्रव्य सोडण्यात आले आणि शहराचा पाणीपुरवठा काही दिवस बंद ठेवावा लागला, अशीही नोंद याच अहवालात आहे.

दाभोळ खाडी : खाडीतील मासे मरून तरंगण्याच्या घटनांमुळे भोई, खारवी व दालदी या मासेमारी करणाऱ्या समाजांनी वेळोवेळी निवेदने, मोर्चे व उपोषणे यांचा मार्ग स्वीकारला. लोटे येथील उद्योगांनी सुमारे ११,००० रोजगार दिले, तर प्रदूषणामुळे सुमारे २०,००० मच्छीमारांचा रोजगार बुडाल्याचा स्थानिकांचा दावा आहे, ही तुलना माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनातून मांडली.

प्रशासनाची भूमिका

पाण्याच्या प्रदूषणावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असून त्याचे उपप्रादेशिक कार्यालय चिपळूण येथे आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये मंडळाला नमुने घेण्याचे, निर्देश देण्याचे आणि उद्योगाचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचे अधिकार आहेत. स्थानिकांच्या सहभागासाठी नेमलेला ‘लोटे अभ्यासगट’ पुढे निष्क्रिय झाल्याचे गाडगीळ समितीला आढळले.

प्रदूषणाविरुद्धची शांततापूर्ण आंदोलने दडपण्यासाठी पोलीस अधिकारांचा वापर होत असल्याची टीकाही समितीने केली. २००७ ते २००९ या काळात जिल्हा प्रशासनाने मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली १९१ दिवस जमावबंदी लागू केल्याचे तिने निदर्शनास आणले.

न्यायालयीन संदर्भ

प्रदूषणमुक्त पाणी मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य (१९९१) या खटल्यात स्पष्ट केले. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व १९९६ मधील वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्यात भारतीय कायद्याचा भाग मानले गेले. कार्यक्षम सांडपाणी प्रक्रिया संयंत्र नसलेले उद्योग चालू ठेवू नयेत, असा आदेश न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला.

पीएफएएस रसायनांचा प्रश्न

२०२५ मध्ये या चळवळीला आंतरराष्ट्रीय संदर्भ प्राप्त झाला. इटलीतील व्हिचेन्झा प्रांतातील त्रिस्सिनो येथील मितेनी या कारखान्यामुळे व्हेनेतो प्रदेशातील सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी पीएफएएस रसायनांनी दूषित झाले होते. मुलांच्या रक्ततपासणीत ही रसायने आढळल्यानंतर तेथील मातांनी २०१७ मध्ये ‘माम्मे नो पीफास’ ही संघटना उभारली. मितेनी २०१८ मध्ये दिवाळखोर झाली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झा येथील न्यायालयाने ११ जणांना एकूण १४१ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

मितेनीची यंत्रसामग्री लिलावातून लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या उपकंपनीने विकत घेऊन लोटे परशुराम येथे आणली. ही बाब प्रकाशात आल्यावर स्थानिक पातळीवर आणि राज्याच्या राजकारणात विरोध व्यक्त झाला. नियमांचे पालन करीत असल्याची भूमिका कंपनीने घेतली.

कार्बन व फ्लोरिन यांच्यातील बंध अतिशय मजबूत असल्याने पीएफएएस निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. म्हणून त्यांना ‘चिरकाल टिकणारी रसायने’ म्हटले जाते. या गटातील पीएफओए या रसायनाचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मानवास कर्करोगकारक असे केले. युरोपीय संघाने पिण्याच्या पाण्यातील २० पीएफएएसच्या एकूण प्रमाणावर लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात अशी मर्यादा नव्हती. परिणामी, नेहमीच्या तपासणीत पाणी पिण्यायोग्य ठरले तरी त्यावरून ही रसायने त्यात नाहीत, असे सिद्ध होत नाही.

मागण्या

सांडपाण्याच्या नमुन्यांचे निष्कर्ष नियमितपणे जाहीर करणे, बाधित गावांना शुद्ध पाण्याची कायमस्वरूपी योजना देणे, मच्छीमारांना नुकसानभरपाई देणे आणि दोषी उद्योगांवर कारवाई करणे या चळवळीच्या प्रमुख मागण्या आहेत. उद्योगांमुळे मिळणाऱ्या रोजगारामुळे त्यांच्याविषयी स्थानिकांत एकमत नाही. अनेक कुटुंबांत एक जण कारखान्यात काम करतो, तर दुसरा दूषित विहिरीची तक्रार करतो. त्यामुळे कारखाने बंद करण्यापेक्षा प्रदूषण रोखण्यावर आणि देखरेखीत ग्रामसभांना स्थान मिळवून देण्यावर चळवळीचा भर राहिला आहे.