तिसऱ्यांदा उलटवलेलं वाक्य

नेहमीप्रमाणे भागाचा मजकूर इथे देतोय. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान सापडलं. जेमतेम पाच ओळी. मी जोशात येऊन लिहिलं, ‘गावातील सुप्रसिद्ध वाचनालय माझ्या पणजोबांनी अथक परिश्रमांतून स्थापन केले.’ घरी सगळ्यांना लिंक पाठवली. आजोबांनी चष्मा लावून तीनदा वाचलं. संध्याकाळी बघतो तर वाक्य गायब!

परत टाकलं, परत गेलं. तिसऱ्यांदा तर मी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली एक ओळही रागाने काढून टाकली. त्यात वाचनालयाचं श्रेय दुसऱ्याच घराण्याला दिलं होतं. माझा बदल पुन्हा उलटवला गेला, आणि चर्चापानावर कुणीतरी शांतपणे लिहिलं, ‘दोन्ही वाक्यांना संदर्भ नाही. आपल्याकडे काही छापील पुरावा आहे का?’

मला तो अपमान वाटला. आमच्या घरच्या गोष्टीला पुरावा मागणारा हा कोण? उत्तर शोधताना मला कळलं, की हा प्रश्न माझ्यापेक्षा खूप जुना आहे.

ज्ञानकोशात काय जाईल, हे ठरवायचं कुणी? आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी हे ओझं उचललं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. त्यांनी भागभांडवल गोळा करून मंडळ उभारलं आणि १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठीत आणले. पहिले पाच खंड तर नुसते प्रस्तावनेचे! पुढे वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम सुरू झालं आणि १९७६ मध्ये पहिला खंड आला. तिथे नोंद तज्ज्ञ लिहितो आणि नोंदीखाली त्याचं नाव असतं. वाचक विश्वास ठेवतो तो त्या नावावर आणि संपादक मंडळावर.

इंटरनेटवरही आधी हाच मार्ग होता. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्युपीडिया सुरू केला. प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात टप्प्यांतून जायचा. काम इतकं रेंगाळलं की १५ जानेवारी २००१ ला त्यांनी जोडीला एक खुली वही उघडली, कुणीही या आणि लिहा. तीच विकिपीडिया. न्युपीडिया २००३ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी १ मे ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला.

पण लेखाखाली तज्ज्ञाचं नाव नाही, मग विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद. ‘इतिहास पहा’ दाबा, कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. दुसरी म्हणजे तटस्थ दृष्टिकोन आणि संदर्भ.

हे नसलं की काय होतं, ते २००५ मध्ये दिसलं. जॉन सायगेनथेलर नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कुणीतरी थट्टेत लिहिलं की केनेडींच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. साफ खोटं! ते सुमारे चार महिने तसंच राहिलं. शेवटी त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात लेख लिहून जाब विचारला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर खातं नसलेल्यांना नवीन पान बनवणं बंद झालं.

त्याच वर्षीचा दुसरा किस्सा माझा आवडता आहे. पोलंडमधल्या एका शहराला ग्डान्स्क म्हणायचं की जर्मन लोक म्हणतात तसं डान्त्सिख, यावर संपादक वर्षानुवर्षं भांडत होते. शेवटी मतदान झालं आणि तोडगा निघाला: १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्त्सिख, त्याआधी आणि त्यानंतर ग्डान्स्क. कुणी पूर्ण जिंकलं नाही, पण लेख पुढे लिहिता आला.

इथे एक गैरसमज काढून टाकूया. तटस्थ म्हणजे अर्धं तुझं, अर्धं माझं असं नाही. कोणतं म्हणणं कोणाचं आहे, ते सांगायचं. विश्वासार्ह साधनांत ज्याला जेवढं वजन, तेवढीच जागा द्यायची. ‘सुप्रसिद्ध’, ‘अथक’, ‘थोर’ ही विशेषणं गाळायची. काम मोठं असेल तर ते नुसतं सांगितलं तरी मोठं दिसतं.

आता परत गावाकडे. सुट्टीत मी वाचनालयात गेलो. ग्रंथपालकाकांनी कपाटाच्या वरून सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढून दिली. धूळ झटकली, पानं उलटली. संस्थापकांची नावं होती सात. पणजोबा पाचवे, खजिनदार म्हणून. त्या दुसऱ्या घराण्यातले गृहस्थ दुसरे. आणि खाली एक ओळ होती: वाचनालयाची पहिली खोली गावातल्या एका विधवा बाईंनी दिली होती. त्यांचं नाव आमच्या घरात कधीच कुणी घेतलं नव्हतं. त्या दुसऱ्या घरातही नसेल.

मी चर्चापानावर सगळं लिहिलं. सुरुवातीलाच सांगितलं की यातले एक माझे पणजोबा आहेत. त्या संपादकांनी उत्तर दिलं की स्मरणिका संस्थेचीच आहे, त्यामुळे नावं आणि साल यांसाठी चालेल, कौतुकासाठी नाही. मग त्यांनीच एक साधं वाक्य जोडलं. सात जण, स्थापनेचं साल, खोली देणाऱ्या बाईंचं नाव, आणि पुढे संदर्भ.

अवघड काम पुढेच होतं, आजोबांना दाखवणं. त्यांनी वाचलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “खजिनदार होते, हे खरंय. रात्री कंदिलाशी हिशेब लिहायचे.” आणि थोड्या वेळाने, “त्या बाईंना आम्ही काकू म्हणायचो रे. खोली त्यांची होती, हे मात्र कुणी सांगितलंच नाही.”

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आधी धूळपाटीवर हात साफ करा. ते सरावाचं पान आहे, तिथे चुकलं तरी काही बिघडत नाही. मग शुद्धलेखनाची एखादी चूक सुधारा, ‘संदर्भ हवा’ असं लिहिलेल्या वाक्याला एक पुस्तक शोधून द्या. बदल करताना तो का केला, हे सारांशात लिहा. तुमचं वाक्य कुणी उलटवलं तर परत टाकू नका, चर्चापानावर विचारा. समोरचा बहुतेक वेळा शत्रू नसतो.

आणि गावच्या वाचनालयातली जुनी स्मरणिका एकदा बघाच. कुणाचं नाव तिथे वाट बघत असेल, सांगता येत नाही. भेटूया पुढच्या भागात!