क्वार्टरबॅकचे संरक्षण (अमेरिकन फुटबॉल)

क्वार्टरबॅकचे संरक्षण म्हणजे अमेरिकन फुटबॉल या खेळात चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, म्हणजेच क्वार्टरबॅकला, प्रतिस्पर्धी बचावपटूंपासून काही क्षण दूर ठेवण्याची सांघिक क्रिया होय. मराठीत 'फुटबॉल' म्हटले की पायाने खेळला जाणारा खेळ डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र अंडाकृती चेंडू हाताने फेकून वा उराशी धरून धावत खेळला जाणारा अमेरिकेतील खेळ अभिप्रेत आहे. हे संरक्षण बहुतेक वेळा अडीच-तीन सेकंद टिकले तरी पुरते, पण तेवढेही टिकले नाही तर उत्तम क्वार्टरबॅक आणि वेगवान झेलपटू असूनही आक्रमण कोलमडते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेला सुपर बोल ५५ हा अंतिम सामना त्याचे ठळक उदाहरण मानला जातो.

आक्रमक फळी

मैदानात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी पाच धिप्पाड खेळाडू चेंडूच्या रेषेवर उभे राहतात. त्यांना आक्रमक फळी म्हणतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल अशी ही मांडणी असते. सेंटरने चेंडू पायांमधून मागे दिला की हे पाच जण मागे सरकत क्वार्टरबॅकभोवती एक अर्धवर्तुळ धरून ठेवतात. या सुरक्षित जागेला 'पॉकेट' असे नाव आहे.

सर्वसाधारण परिस्थितीत या पाच जणांना पुढे फेकलेला चेंडू झेलता येत नाही आणि गुणफलकावरही त्यांचे नाव क्वचितच झळकते. प्रेक्षकांना ते माहीत होतात ते बहुधा त्यांच्या हातून चूक झाल्यावरच. प्रतिस्पर्ध्याने क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच रेषेच्या मागे पाडले तर त्यास 'सॅक' म्हणतात. त्यात प्रयत्नही वाया जातो आणि जमीनही गमावली जाते. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) सॅकची वैयक्तिक नोंद १९८२ पासून अधिकृतपणे ठेवू लागली. तथापि केवळ सॅकच्या संख्येवरून संरक्षणाची पारख करणे फसवे ठरते. घाईने फेकलेला किंवा धावता धावता कसाबसा टाकलेला चेंडू सॅकच्या रकान्यात दिसत नाही, पण आक्रमणाचा कणा तोच मोडतो.

१९७८ मध्ये नियम बदलून फळीतील खेळाडूंना हात लांबवून उघड्या तळव्यांनी प्रतिस्पर्ध्याला रोखण्याची मुभा देण्यात आली. त्यानंतर चेंडू फेकण्यावर आधारलेला खेळ झपाट्याने वाढला आणि फळीचे महत्त्वही त्याबरोबर वाढले. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकीच्या वेळी डाव्या बाजूस पाठ करून उभा असतो. त्यामुळे डावीकडून येणारा हल्लेखोर त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला पाडले. थाइसमनच्या पायाचे हाड मोडले आणि तो पुन्हा कधीच खेळला नाही. ही न दिसणारी बाजू सांभाळणारा डावा टॅकल पुढील काळात संघांच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला.

संख्येचे गणित

संरक्षणाचा सारा पेच एका साध्या वजाबाकीत आहे. आक्रमक संघाच्या ११ पैकी पाच जण फळीत आणि एक क्वार्टरबॅक वगळला, तर चेंडू झेलू शकणारे पाच उरतात. बचाव करणाऱ्या संघाने चार जणांना क्वार्टरबॅकवर सोडले, तर त्याच्याकडे या पाच झेलपटूंवर पहारा ठेवण्यास सात जण राहतात. पाच किंवा त्याहून अधिक जण सोडणे यास 'ब्लिट्झ' म्हणतात. त्यात दडपण वाढते, पण मागचा पहारा विरळ होतो आणि कुशल क्वार्टरबॅक त्या मोकळ्या जागेचा अचूक लाभ उठवतो.

म्हणूनच चौघांनीच पाच जणांच्या फळीला नमवणे ही आक्रमणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्था होय. मदतीला एक झेलपटू मागे ठेवावा, तर सात पहारेकऱ्यांसमोर चारच झेलपटू उरतात. न ठेवावा, तर क्वार्टरबॅकला श्वास घेण्यासही उसंत मिळत नाही.

सुपर बोल ५५

कॅन्सस सिटी चीफ्स हा संघ २०२० च्या हंगामात १४ सामने जिंकून आणि केवळ दोन गमावून आदल्या वर्षीचे विजेतेपद राखण्यास निघाला होता. प्रशिक्षक अँडी रीड आणि क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स यांच्या आक्रमणाचा त्या काळी मोठा दबदबा होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी याच संघाने टॅम्पा बे बकनियर्सला त्यांच्याच मैदानावर २७–२४ असे हरवले होते. त्या सामन्यात झेलपटू टायरीक हिलने २६९ यार्ड मिळवले, त्यांपैकी २०३ पहिल्याच चतुर्थांशात.

अंतिम सामन्यापर्यंत मात्र फळीची पडझड झाली होती. गार्ड लॉरां ड्युव्हर्ने-टार्डिफ हा वैद्यकीय पदवीधर होता; कोविडच्या साथीत रुग्णसेवा करण्यासाठी त्याने तो हंगाम सोडला. डावा गार्ड केलेची ओसेमेले ऑक्टोबरमध्ये गुडघ्यांच्या दुखापतीने बाद झाला. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ याला त्याच महिन्यात पाठीच्या दुखण्याने गाठले. शेवटचा घाव २४ जानेवारी २०२१ रोजी बसला. बफेलो बिल्सविरुद्धच्या सामन्यात डावा टॅकल एरिक फिशर याच्या टाचेमागील स्नायुबंध तुटला.

उजवीकडे खेळणाऱ्या माइक रेमर्सला डाव्या टोकाला, तर गार्ड अँड्र्यू वायलीला उजव्या टोकाला हलवावे लागले. हंगामाच्या पहिल्या सामन्यातील पाच जणांपैकी स्वतःच्या मूळ जागेवर राहिला तो एकटा सेंटर ऑस्टिन रायटर. (रेमर्सच्या बाबतीत एक दुर्दैवी योगायोग नोंदवण्याजोगा आहे. बरोबर पाच वर्षांपूर्वी, ७ फेब्रुवारी २०१६ रोजी, सुपर बोल ५० मध्ये तो कॅरोलायना पँथर्सचा उजवा टॅकल होता आणि डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने त्या सामन्यात धुमाकूळ घातला होता.)

बकनियर्सचे बचाव-प्रशिक्षक टॉड बोल्स ब्लिट्झसाठी प्रसिद्ध होते. या सामन्यात त्यांनी ते हत्यार जवळजवळ म्यानच ठेवले. दोन्ही टोकांवरून शकील बॅरेट व जेसन पियर-पॉल आणि मधून एनडामुकाँग सू व वीटा व्हेआ यांनीच फळी मोडून काढली. खोलवर पहारा देणारे दोन सेफ्टी बहुतेक वेळ मागे राहिले आणि हिलसारख्या झेलपटूंच्या लांब धावा रोखल्या गेल्या. ईएसपीएनच्या गणनेनुसार माहोम्सने चेंडू फेकण्यासाठी घेतलेल्या ५६ पवित्र्यांपैकी २९ वेळा त्याच्यावर दडपण आले. सुपर बोलच्या इतिहासातील तो उच्चांक होता. सॅक मात्र तीनच झाले. लीगच्या मोजणीप्रमाणे फेकीपूर्वी वा सॅकपूर्वी जीव वाचवण्यासाठी माहोम्स एकूण ४९७ यार्ड धावला. त्याच्या पायाच्या अंगठ्यालाही दुखापत झालेली होती. सामन्यानंतर लगेच त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. चौथ्या चतुर्थांशात त्याने जमिनीला समांतर, हवेत असताना फेकलेला एक चेंडू थेट सहकाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर आदळला, पण झेल झाला नाही.

सामना बकनियर्सने ३१–९ असा जिंकला. चीफ्सला एकही टचडाउन मिळाला नाही; नऊ गुण आले ते तीन फील्ड गोलमधून. सर्व दोष फळीवर टाकणेही न्यायाचे नाही. पूर्वार्धातच संघाने आठ दंड ओढवून ९५ यार्ड गमावले आणि मध्यंतराला तो ६–२१ असा मागे पडला. चेंडू घेऊन धावण्यात चीफ्सने १७ प्रयत्नांत १०७ यार्ड काढले होते, म्हणजे तो मार्ग खुला होता. पिछाडीमुळे तो सोडून देण्यात आला. कमकुवत टॅकलना मदत देण्याऐवजी वारंवार पाचही झेलपटू पुढे पाठवले, अशी टीका रीड यांच्यावर झाली आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे.

संरक्षणाचे उपाय

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळेची गरजच कमी करणे. तीन पावले मागे येऊन लगेच आखूड फेक केली, तर टोकाचा हल्लेखोर वळसा घालून पोहोचण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला असतो. १९८० च्या दशकात बिल वॉल्श यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आखूड, वेळेवर बेतलेल्या फेकींची पद्धत यशस्वी करून दाखवली. दुसरा उपाय टॅकलला हात देण्याचा. झेलपटू किंवा धावपटू पुढे निघण्यापूर्वी टोकाच्या हल्लेखोराला एक धक्का देतो. याने झेलपटू पूर्णपणे गमवावा लागत नाही, फक्त त्याला क्षणभर उशीर होतो. संपूर्ण फळी एका दिशेला सरकवून दुबळ्या बाजूस अधिक माणसे देता येतात. क्वार्टरबॅकला पॉकेटबाहेर पळवून फेकीची जागाच बदलता येते.

धावण्याचा खेळ हेही संरक्षणच आहे. चेंडू धावपटूकडे जाणार की फेकला जाणार, या संभ्रमात हल्लेखोर एक पाऊल अडखळला तरी पुरे. स्वतः क्वार्टरबॅकची जबाबदारीही मोठी असते. मोठ्या फेकीच्या मोहात चेंडू धरून बसणारा क्वार्टरबॅक चांगल्या फळीलाही अपयशी ठरवतो. शिवाय हल्लेखोर एकमेकांच्या मार्गांची अदलाबदल करतात, तेव्हा शेजारच्या दोन खेळाडूंनी न बोलता आपापला माणूस बदलून घ्यायचा असतो. ही जाण एकत्र सराव केल्यानेच येते, आणि सुपर बोल ५५ मधील फळीला नेमका तोच काळ मिळाला नव्हता.

पुनर्बांधणी आणि त्यानंतर

मार्च २०२१ मध्ये चीफ्सने फिशर व श्वार्ट्झ दोघांनाही मुक्त केले. गार्ड जो थूनी करारबद्ध झाला, टॅकल ओरलँडो ब्राउन ज्युनियर बाल्टिमोरकडून अदलाबदलीत आला आणि नवोदितांच्या निवडीत सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या, तर गार्ड ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत मिळाला. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात पाचही जागांवर नवे खेळाडू होते.

त्याचे फळ १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाले. सुपर बोल ५७ मध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, ज्यांनी त्या हंगामात ७० सॅक केले होते. त्या दिवशी त्यांना एकही सॅक करता आला नाही. चीफ्स ३८–३५ असे जिंकले. उजव्या टॅकलच्या जागी तेव्हा पुन्हा अँड्र्यू वायलीच होता.

९ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या सुपर बोल ५९ मध्ये हेच दोन संघ पुन्हा भेटले. हंगामभर डाव्या टॅकलचा प्रश्न न सुटल्याने थूनीला गार्डच्या जागेवरून तेथे हलवण्यात आले होते. ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघांच्याच बळावर माहोम्सला सहा वेळा पाडले. मध्यंतराला ०–२४ असे मागे असलेले चीफ्स २२–४० असे हरले. पुढच्याच महिन्यात थूनी शिकागो बेअर्सकडे गेला आणि एप्रिल २०२५ मधील निवडीत चीफ्सने पहिल्याच फेरीत ओहायो स्टेट विद्यापीठाचा डावा टॅकल जॉश सिमन्स याला घेतले.