पस्तीस मोटारींचे मागचे पाऊल

यंत्रांचा इतिहास आपण मुलांना शिकवतो तो बहुधा जिन्यासारखा. आधी बैलगाडी, मग वाफेचे इंजिन, मग मोटार. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून वरची. आज जी हकिकत सांगायची आहे, ती या जिन्यात बसत नाही. अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने 1958 सालच्या आपल्या महागड्या मोटारी गिऱ्हाइकांकडून परत मागवल्या, त्यांच्या इंजिनांवरची अगदी नवी यंत्रणा काढून टाकली आणि तिच्या जागी जुनाच कार्ब्युरेटर बसवून दिला.

आपल्याकडच्या गॅरेजात त्याला काब्रेटर म्हणतात. मीही तेच म्हणेन. तोंडात बसलेला शब्द आहे. पेट्रोल नुसते ओतून इंजिन चालत नाही. ते हवेत मिसळावे लागते, वजनाने साधारण पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल. डास मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवतो ना? दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते आणि डब्यातले औषध आपोआप वर चढून फवाऱ्याच्या रूपाने उडते. काब्रेटरचे तत्त्व तेच. इंजिन हवा आत ओढते, मधल्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून खेचले जाते. वाटीत तरंगणारा पोकळ गोळा पेट्रोलची पातळी राखतो. पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, तसाच. यात ना वीज, ना हिशेब. पाना आणि पेचकस घेऊन कोणीही शहाणा माणूस तो खोलू शकतो, फुंकर मारून साफ करू शकतो.

पण हा गडी थोडा ढोबळ. थंडीत चोक ओढावा लागतो. मधोमध बसलेला असल्यामुळे जवळच्या सिलिंडरला जास्त पेट्रोल जाते, लांबच्याला कमी. पंक्तीत पहिल्या पानावर भरपूर वाढावे आणि शेवटच्या पानाशी येईतो भांडे रिकामे व्हावे, तसला प्रकार. म्हणून इंजिनिअरांच्या मनात फार दिवस घोळत होते की प्रत्येक सिलिंडरपाशी वेगळा फवारा ठेवावा आणि पेट्रोल मोजून आत सोडावे. यालाच इंजेक्शन म्हणतात. 1954 साली मर्सिडीझ कंपनीने आपल्या 300 एसएल या मोटारीवर अशी यंत्रणा बसवली. पण ती डिझेल इंजिनाच्या पंपासारखी, निव्वळ यांत्रिक होती. शेव्हरोले कंपनीने 1957 पासून कॉर्व्हेट मोटारीवर दिलेला फवाराही यांत्रिकच होता.

खरी धाडसी कल्पना बेंडिक्स या अमेरिकी कंपनीची. तिथल्या रॉबर्ट सटन या इंजिनिअरच्या नावाने 1957 साली पेटंटचा अर्ज दाखल झाला. विचार असा की पेट्रोलचे माप घेण्याच्या भानगडीत पडायचेच नाही, फक्त वेळ मोजायची. पेट्रोलचा दाब कायम ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरपाशी विजेने उघडणारी छोटी झडप बसवावी. झडप जितका वेळ उघडी, तितके पेट्रोल आत. आणि ती किती वेळ उघडी ठेवायची हे ट्रान्झिस्टरांची एक पेटी ठरवील. इंजिनातला हवेचा दाब किती, गरमी किती, हे तिला कळत राहील. या यंत्रणेचे नाव इलेक्ट्रोजेक्टर. आजच्या मोटारीत आणि मोटारसायकलीत पेट्रोल सोडले जाते ते याच रीतीने. म्हणजे कल्पनेत खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गिऱ्हाईक झाली अमेरिकन मोटर्स ही कंपनी. 1957 च्या तिच्या रँबलर रेबेल या मोटारीत काब्रेटरवर 255 अश्वशक्ती मिळे. नव्या यंत्रणेने 288 मिळतील आणि त्यासाठी 395 डॉलर जादा पडतील, असे जाहीर झाले. पण चाचणीच्या गाड्या उन्हाळ्यात ठीक चालल्या आणि थंडीत सुरू होताना कुरकुरू लागल्या. कंपनी सावध होती. तिने विकलेल्या सगळ्या रेबेल काब्रेटरवरच विकल्या.

क्रायस्लर कंपनीने मात्र उडी घेतली. 1958 च्या मॉडेलांत तिने क्रायस्लर 300 डी, डीसोटो, डॉज आणि प्लिमथ अशा चार नावांच्या मिळून 35 मोटारींवर इलेक्ट्रोजेक्टर बसवला. क्रायस्लर 300 डी ची ताकद त्याने 380 वरून 390 अश्वशक्तीवर जाई. वाढ बघा, अवघी दहाची. आणि एवढ्यासाठी पत्करलेली जोखीम केवढी! ट्रान्झिस्टरचा शोध 1947 अखेरचा. म्हणजे तो तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा पोर. त्याच्या जोडीला मेणकागदाचे कपॅसिटर. दिवाणखान्यातल्या रेडिओत हे भाग सुखाने नांदत. इंजिनाच्या खोलीत गरमी, दमटपणा आणि सततचे हादरे. तिथे त्यांचा टिकाव लागला नाही. शिवाय पाय दाबल्याबरोबर इंजिनाची मागणी बदलते, त्या वेगाने हिशेब करणे त्या पेटीला जमत नव्हते.

मग गाड्या परत आल्या. बहुतेकांवरची नवी यंत्रणा उतरवून त्यांना दोन-दोन मोठे काब्रेटर बसवले गेले. हे काम अवघड नव्हते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तीच इंजिने त्याच साली काब्रेटरवरही विकली जात होती. म्हणजे हवा आत नेणारी नळी, पंप, जोडकाम, सगळे सुटे भाग तयार. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ठिणगीचे काम इलेक्ट्रोजेक्टरकडे नव्हतेच. ते जुन्या डिस्ट्रिब्युटरकडे होते. पेट्रोल सोडणारी पेटी काढली, तरी ठिणगी जागच्या जागी राहिली.

पंपाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण नुसते वरचे भांडे बदलून भागत नाही. फवाऱ्याच्या यंत्रणेला पेट्रोल चांगल्या दाबाने लागते. काब्रेटरला मात्र दर चौरस इंचाला चार-सहा पौंड पुष्कळ झाले. फवाऱ्याचा पंप तसाच ठेवून काब्रेटर लावला, तर वाटीतल्या गोळ्याची सुई तो दाब अडवू शकत नाही. पेट्रोल भरून वाहते आणि तापलेल्या इंजिनावर सांडते. पुढे काय होईल ते सांगायला नको.

इतिहासाच्या माणसाला खटकते ती गोष्ट वेगळीच. काढलेल्या बहुतेक यंत्रणा कोणी जपून ठेवल्या नाहीत. गाड्या वाचल्या, पुरावा गेला. बखरी आणि कागदपत्रे जपण्याची थोडीफार सवय आपल्याला लागली आहे. पण फसलेले यंत्रही एक दस्तऐवज असतो, हे कबाडीवाल्याला कोण सांगणार? पुष्कळ वर्षांनी हौशी मंडळींनी खटपट करून मूळ इलेक्ट्रोजेक्टरसह एक डीसोटो पुन्हा चालती केली. त्या यंत्रणेचे वागणे आज प्रत्यक्ष पाहता येते, ते अशा हौसेमुळे.

सटनचे पेटंट 1961 साली मंजूर झाले. पुढे बेंडिक्सच्या पेटंटांचे हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले आणि 1967 साली बॉशने तीच कल्पना डी-जेट्रॉनिक या नावाने फोक्सवागन 1600 मोटारीवर आणली. दहा वर्षांत ट्रान्झिस्टर पक्का झाला होता. शिवाय आता धुराचा कायदा मागे लागला होता. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मोटारीच्या धुरावर बंधने येत होती आणि ढोबळ हाताने वाढणारा काब्रेटर त्या परीक्षेत मागे पडू लागला.

तरीही पाऊल मागे पडायचे थांबले नाही. त्या फोक्सवागन जुन्या झाल्या, तारा कडक झाल्या, पेटीतले दुखणे ओळखणारा मिस्त्री गावात मिळेना. मग कितीतरी मालकांनी स्वतःच फवारा काढून काब्रेटरची जोडी बसवली. तेच इंजिन अन्यत्र काब्रेटरवर विकले जात होते, त्यामुळे सामान सहज मिळे. या लोकांना अडाणी म्हणणारे म्हणोत, मी म्हणणार नाही. जे यंत्र आपल्या गावात दुरुस्त होत नाही, ते कितीही हुशार असले तरी दारात उभेच राहते.

कधी कारण नुसता पैसा असे. कॉर्व्हेटवरच्या त्या यांत्रिक फवाऱ्याला 1965 साली 538 डॉलर जादा पडत. त्याच साली काब्रेटरवर चालणारे त्याहून मोठे आणि जोरदार इंजिन तीनशे डॉलरांच्या आत मिळू लागले. त्या सालानंतर तो फवारा बंद झाला.

आणि ही गोष्ट काही सातासमुद्रापलीकडचीच नाही. आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 साली पल्सर 220 ही मोटारसायकल फवाऱ्यासह बाजारात आणली. 2009 साली तीच गाडी काब्रेटर लावून आली. किंमत उतरली, ताकद उलट वीसवरून एकवीस अश्वशक्तीवर गेली, आणि जाहिरातीत ती सर्वांत वेगवान भारतीय म्हणून मिरवली. खेड्यापाड्यांतल्या पोरांनी तिला डोक्यावर घेतले. पुढे 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले आणि त्याच पल्सर 220 वर फवारा पुन्हा चढला.

आता कोणी म्हणेल, 1958 सारखे आजही काढून टाकू. पण आजच्या गाडीत एकच पेटी पेट्रोलही सोडते आणि ठिणगीही पाडते. ती काढली की दोन्ही गेले. ठिणगीची वेगळी सोय करा, पंप बदला, नळी बदला. शिवाय गाडीच्या नोंदणीत जे लिहिले आहे त्याहून वेगळा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते, आणि पीयूसीच्या तपासणीत धूर बोलतो तो वेगळाच. म्हणून तालुक्याच्या गॅरेजात आता पान्यांच्या शेजारी हातात मावेल एवढा एक स्कॅनर टांगलेला दिसू लागला आहे. पेटीतले दुखणे तो आकड्यांत सांगतो, आणि त्या आकड्यांचा अर्थ लावायला मिस्त्रीचा दहावी पास पोरगा शिकतो आहे.