विम्याविना परवाना नाही : पेनसिल्व्हेनियातील एका निधीची कहाणी

विमा उतरवला नाही म्हणून डॉक्टरचा परवाना जाऊ शकतो, अशी तरतूद अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १९७५ साली केली. बदललेल्या रूपात ती आजही लागू आहे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत उपचारांतील हलगर्जीपणाचे खटले वाढले, भरपाईच्या रकमा फुगल्या. विमा कंपन्यांनी हप्ते चढवले. काहींनी डॉक्टरांचे विमे उतरवणेच थांबवले. या व्यवसायाची अडचण मुळातच विचित्र आहे. प्रसूतीच्या वेळी बाळाला इजा झाली, तर तिचा दावा कित्येक वर्षांनी उभा राहू शकतो. हप्ता आज घ्यायचा. देणे केव्हा आणि किती येईल, हे कोणालाच ठाऊक नसते.

गव्हर्नर मिल्टन शॅप यांच्या कारकिर्दीतील या कायद्याने ओझे वाटून टाकले. प्रत्येक घटनेमागे पहिल्या १ लाख डॉलरांचा विमा डॉक्टरने बाजारातून घ्यायचा. त्यावरची १० लाखांपर्यंतची भरपाई राज्याचा ‘कॅट फंड’ देणार. त्यासाठी डॉक्टर व रुग्णालये अधिभार भरणार. खटले आधी लवादापुढे नेण्याची सक्तीही होती, पण तेथे प्रकरणे इतकी तुंबली की १९८० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

खरी मेख फंडाच्या हिशेबात होती. विमा कंपनीला भावी दाव्यांसाठी गंगाजळी राखावी लागते. फंडाने ती राखलीच नाही. दावे निकाली निघतील तसा पैसा अधिभारातून उभा करायचा, एवढीच व्यवस्था. आरंभी देणी थोडी, म्हणून ती स्वस्त भासली. पण जुन्या चुकीचा निकाल लागेपर्यंत ती करणारा डॉक्टर कधी निवृत्तही झालेला असे, आणि भुर्दंड पडे तो नुकताच दवाखाना उघडलेल्या तरुणावर. जखमी रुग्णाला भरपाई मिळत होती, हे खरेच. मात्र ती दुसऱ्याच पिढीच्या खिशातून.

२००१ च्या अखेरीस ‘सेंट पॉल’ या बड्या कंपनीने हा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. पाठोपाठ राज्यातीलच ‘फायको’ कंपनी अवसायनात गेली. मार्च २००२ मध्ये ‘एमकेअर’ कायदा आला : सक्तीचे संरक्षण १० लाख डॉलरांचे, निम्मे बाजारातून, निम्मे नव्या निधीतून. हा निधी टप्प्याटप्प्याने गुंडाळायचा होता, परंतु बाजाराला भार पेलेल असे विमा आयुक्तांना वाटले तरच. २००६ चा पहिला टप्पा आला. बाजार तयार नसल्याचा निर्वाळा मिळाला आणि निधी राहिला.

दरम्यान अधिभारात सूट देण्यासाठी सिगारेटवरील कराचा पैसा वळवण्यात आला. धूम्रपान करणाऱ्यांनी शल्यविशारदांचा भार उचलावा, हा योगही अजबच! २००९ मध्ये तर अर्थसंकल्पातील तूट भरण्यासाठी सरकारने याच निधीतून १० कोटी डॉलर उचलले. डॉक्टर व रुग्णालयांच्या संघटना न्यायालयात गेल्या. जादा आकारणीच्या तक्रारींसह हा वाद २०१४ मध्ये मिटला. परतावा व सवलत मिळून सरकारला सुमारे २० कोटी डॉलर सोडावे लागले.